जामीन कोणी राहायचे?

मराठीत 'जामीन' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'त्याला जामीन मिळाला' असे आपण म्हणतो तेव्हा न्यायालयाने दिलेली मोकळीक अभिप्रेत असते. 'मी त्याला जामीन राहिलो' असे म्हणतो तेव्हा त्याच शब्दाने माणूस सूचित होतो. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ हा दुसराच, म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा मनुष्य. आपल्या माळव्यात कचेरीची भाषा हिंदी. तेथे मोकळिकीला 'जमानत', हमी घेणाऱ्याला 'जमानतदार' आणि आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या बंधपत्राला 'मुचलका' म्हणतात. मराठीने मात्र मोकळीक आणि माणूस यांना एकाच शब्दात बांधून ठेवले. व्यवहारातही ही गाठ किती घट्ट असते, ते गेल्या महिन्यात आलेल्या एका वाचक भगिनीच्या पत्रावरून ध्यानात येईल.

या बाईंचे माहेर धुळे जिल्ह्यात, सासर पिथमपूरला. त्यांचा बावीस वर्षांचा भाऊ कामाच्या शोधात बहिणीकडे आला आणि एका गोदामात हमालीला लागला. गोदामातला माल कमी भरला. तिघांना अटक झाली, त्यांत हा एक. सत्र न्यायालयाने २५ हजार रुपयांचा एक जामीनदार आणि तेवढ्याच रकमेचा जातमुचलका या अटींवर त्याला सोडण्याचा हुकूम दिला. चुलते धुळ्याहून शेताचा सातबारा घेऊन आले. कचेरीतल्या कोणा कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि 'बाहर का कागज नहीं चलेगा, लोकल जमानत लाओ' असे म्हणून परत दिला. बाईंचे यजमान कंत्राटी कामगार, बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत. हुकूम होऊन चोवीस दिवस लोटले तरी भाऊ तुरुंगातच. पत्राच्या अखेरीस त्यांनी एवढेच विचारले आहे : "जामीन मिळाला म्हणतात, मग माझा भाऊ घरी का नाही आला?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे इतके मोलाचे आहे. मी वकील नव्हे, मराठीचा शिक्षक. परंतु शाळेच्या मुख्याध्यापकाकडे पालक नकला साक्षांकित करून घेण्यास येतात, तसे अशा अडचणीतही येतात. त्यामुळे हे कायदे वाचून समजून घेणे मला भाग पडले. प्रत्येक प्रकरणाचा तपशील निराळा असतो, तेव्हा अखेरचा सल्ला वकिलाचाच घ्यावा. पण वकिलास काय विचारावे, हे तरी आपणांस कळले पाहिजे.

प्रथम मोकळिकीचा विचार करू. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३' लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले, जामिनाची मूळ चौकट मात्र बहुतांशी पूर्वीचीच राहिली. गुन्हे दोन प्रकारचे : जामीनपात्र आणि अजामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामिनावर सुटणे हा आरोपीचा हक्क आहे. ठाण्याचा अंमलदारसुद्धा त्याला सोडू शकतो. येथे कायद्याने गरिबाची विशेष काळजी घेतली आहे. अटकेपासून आठवड्याच्या आत जो जामीनदार देऊ शकत नाही, तो निर्धन आहे असे मानून त्याला केवळ स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, असे कलम ४७८ सांगते.

'अजामीनपात्र' हा शब्द ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. जामीन मिळणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. जामीन द्यावा की न द्यावा हे न्यायालय विचार करून ठरविते, एवढाच त्याचा अर्थ. आरोप किती गंभीर आहे, आरोपी पळून जाण्याचा संभव आहे काय, तो साक्षीदारांवर दबाव आणील काय, या गोष्टी पाहिल्या जातात. स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, आजारी आणि दुर्बल यांच्याविषयी कायदा अधिक उदार आहे. दंडाधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर सत्र न्यायालयात आणि तेथेही नाकारला तर उच्च न्यायालयात जाता येते. इंदूर-ग्वाल्हेरच्या रहिवाशांना त्यासाठी जबलपूर गाठावे लागत नाही, दोन्ही शहरांत खंडपीठे आहेत. अटकेची रास्त भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो. अमली पदार्थ, दहशतवाद, काळ्या पैशाचे व्यवहार यांसंबंधीच्या विशेष कायद्यांत मात्र जामिनाच्या अटी फार कडक आहेत, हेही सांगून ठेवणे अवश्य आहे.

आणखी दोन तरतुदी घरोघरी माहीत असाव्यात. ठरलेल्या मुदतीत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीस जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांची. पण हा हक्क आरोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करून मागावा लागतो. आरोपपत्र दाखल झाल्यावर जाग आली तर उपयोग नाही. दुसरी तरतूद कलम ४७९ ची. ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही, अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. इतरांच्या बाबतीत हे प्रमाण निम्मे आहे. यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम तुरुंग अधीक्षकावर सोपविले आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला हा लाभ नाही.

आता वकिलाविषयी. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हेही तेथेच सांगितले आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अटकेची कारणे आरोपीस समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. खानदेशातून नुकत्याच आलेल्या, हिंदी अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व किती, हे परप्रांतात राहणाऱ्या आपणांस वेगळे सांगणे नको.

वकिलाचे शुल्क परवडत नसेल तर? १९७६ साली घटनेत ३९-अ हा अनुच्छेद आला आणि गरिबास मोफत कायदेशीर साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८६ च्या सुकदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोपीने मागणी केली नाही या सबबीवर हे साहाय्य नाकारता येत नाही. तसा हक्क असल्याचे त्याला न्यायाधीशाने स्वतः सांगितले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'जिला विधिक सेवा प्राधिकरण' अशी पाटी दिसते, ती याच कायद्यामुळे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे वकील मिळतो. साध्या कागदावर अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तुरुंगातूनही अर्ज करता येतो. अशा रीतीने नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यावयाचा नसतो.

सरकारी वकील म्हणजे कामचुकार वकील, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. सरकारी वकील हा सरकारच्या बाजूने खटला चालवितो. प्राधिकरणाचा वकील हा आरोपीचा वकील असतो. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ बचाव वकीलही नेमले आहेत. खाजगी वकील करावयाचा असेल तर अवश्य करावा. मात्र शुल्क किती आणि कोणत्या कामापुरते, हे आधीच ठरवून घ्यावे, दिलेल्या पैशाची पावती मागावी, जामीन अर्जाची प्रत घरी ठेवावी आणि हुकुमाची नक्कल स्वतः वाचावी. 'बाहेरचा खर्च' म्हणून जी रक्कम मागितली जाते, ती कशासाठी, हे विचारण्यास संकोचू नये.

हुकुमाची नक्कल वाचावी असे मी का म्हणतो, ते आता पाहू. मोकळीक मिळाल्यावर माणूस उभा करण्याचा प्रश्न येतो आणि पत्रलेखिकेची गाडी तेथेच अडली आहे. योगायोग असा की, या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला निकाल आपल्या मध्य प्रदेशातूनच गेलेल्या प्रकरणात लागला. 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हे त्याचे नाव, ऑगस्ट १९७८ चा तो निकाल. मोतीराम हा गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि तपशील ठरविण्याचे काम खालच्या न्यायालयाकडे सोपविले. तेथे १० हजारांचा जामीनदार मागण्यात आला. भाऊ जामीन राहण्यास तयार झाला. पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला गेला. गवंड्याला पुन्हा दिल्लीचे दार ठोठवावे लागले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या एक हजाराच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारण्याच्या प्रथेवर कठोर ताशेरे ओढले. दक्षिणेतला माणूस उत्तरेत अटकेत पडला, तर त्याने तेथे जमीनजुमल्याचा जामीनदार आणावा कोठून, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. भारतीय नागरिक देशात कोठेही परका ठरत नाही, हे तत्त्व त्या निकालात आहे.

निकालाला इतकी वर्षे उलटली, तरी 'लोकल जमानत' हे शब्द कचेऱ्यांतून हद्दपार झाले नाहीत. म्हणून ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले. ते असे : जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्यास पोचवावी. सात दिवसांत तो सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. एक महिन्यात जामीनदार उभा राहू शकला नाही, तर न्यायालय आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहाने सुटका लांबत असेल, तर न्यायालयांनी ती अट घालू नये.

या आधारे पत्रलेखिका भगिनीस माझे सांगणे असे. प्रथम हुकुमाची नक्कल मिळवा आणि त्यात 'स्थानिक' हा शब्द आहे की नाही ते पाहा. नसेल, तर कारकुनाच्या तोंडी नकारावर परत फिरू नका. वकिलामार्फत चुलत्यांना न्यायाधीशापुढे उभे करा, आणि नकारच द्यावयाचा असेल तर तो लेखी मागा. जामीनदार पुरेसा आहे की नाही हे न्यायालय प्रतिज्ञापत्रावरून ठरवू शकते किंवा त्याची चौकशीही करवून घेऊ शकते. जमीन धुळ्याला आहे एवढ्याने चौकशी अशक्य होत नाही. सातबाऱ्याची डिजिटल सहीची ताजी प्रत आणा आणि सोबत हिंदी भाषांतर जोडा. इथल्या कारकुनास 'खसरा' आणि 'ऋण पुस्तिका' कळते. सातबारा, गुंठा, पोटखराबा हे शब्द त्याला अपरिचित. कागद समजला नाही म्हणून नाकारला, असेही पुष्कळदा घडते. भाषांतराचे काम गावातला कोणताही मराठी शिक्षक आनंदाने करील.

हुकुमात 'स्थानिक' हा शब्द असेलच, तर त्याच न्यायालयात अट बदलण्याचा अर्ज करा आणि वर सांगितलेल्या दोन्ही निर्णयांचा त्यात उल्लेख करवून घ्या. रक्कम झेपत नसेल, तर ती कमी करण्याचा अर्ज करता येतो. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, हे संहितेतच लिहिले आहे. जामीनदाराऐवजी रोख अनामत भरण्याची परवानगीही मागता येते. त्याच वेळी प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा. चोवीस दिवस झाले आहेत. सात दिवसांची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. ज्यांना पैशाअभावी सुटता येत नाही अशा गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली साहाय्य योजना काढली आहे, तिचीही चौकशी करा.

एक गोष्ट मात्र करू नका. कचेरीच्या फाटकापाशी 'तयार जामीनदार' मिळवून देणारे लोक भेटतील. ठराविक रक्कम घेऊन ते अनोळखी माणूस आणि कोणाची तरी ऋण पुस्तिका उभी करतात. कागद खोटा निघाला, तर जामीन जातोच, वर फसवणुकीचा नवा गुन्हा अंगावर येतो.

हे तयार जामीनदार फोफावतात, कारण खरे जामीनदार पुढे येत नाहीत. येथे पत्रलेखिकेकडून मी आपणा सर्व वाचकांकडे वळतो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वकिली खर्चाच्या भीतीने ती निर्माण झाली असेल. पण आज आपण ती शेजाऱ्याला नकार देण्यासाठी वापरतो. ज्यांची इंदुरात दोन मजली घरे आहेत, ज्यांना नियमित वेतन अथवा निवृत्तिवेतन आहे, असे गृहस्थही 'कोर्टकचेरीचे आमच्याकडे काही नाही' असे सांगून दार लोटून घेतात. त्यामागे बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, गैरसमज असतो. तो दूर व्हावा, म्हणून जामीनदाराची जबाबदारी नेमकी किती, ते सांगतो.

जामीनदार आरोपी निर्दोष असल्याची ग्वाही देत नाही. तो तारखांना हजर राहील, एवढीच हमी तो देतो. आरोपी गैरहजर राहिला, तर बंधपत्र जप्त होते आणि जामीनदारास रक्कम का भरू नये याचे कारण दाखविण्यास सांगितले जाते. कारण पटले तर न्यायालय रकमेत सूट देऊ शकते. न पटल्यास रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते आणि ती वसूल होऊच शकली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे जोखीम खरी आहे, पण ती बंधपत्रातील रकमेशी बांधलेली आहे; सारे घरदार पणाला लागत नाही. आरोपीची लक्षणे ठीक दिसेनात, तर आपले बंधपत्र रद्द करण्याचा अर्ज जामीनदार केव्हाही करू शकतो. मग न्यायालय आरोपीस बोलावून दुसरा जामीनदार देण्यास सांगते. खटला संपला की आपल्या कागदावरची जामिनाची नोंद रद्द करवून घ्यावी, हे विसरू नये.

म्हणून डोळे मिटून सही करू नये, आणि डोळे मिटून नकारही देऊ नये. हा मनुष्य कोणाचा, राहतो कोठे, त्याला तारखेची आठवण करून देणारे घरात कोण आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. बंधपत्र किती रकमेचे आहे ते वाचावे. दुसऱ्या कोणाला आधी जामीन राहिलो असल्यास ते न्यायालयास खरे सांगावे. तसे सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. एवढे करून मन घेत असेल, तर उभे राहावे.

होळकर-शिंद्यांच्या लष्करासवे, पुढे त्यांच्या कारभारात, आपले पूर्वज या मुलुखात आले, तेव्हा त्यांनाही येथे कोणी ओळखत नव्हते. कोणी तरी कोणाची तरी हमी घेतली, म्हणून घरे उभी राहिली. आज खानदेश-विदर्भातून पिथमपूर, देवास, इंदूरच्या कारखान्यांत जी मुले येतात, त्यांना वर्गणीच्या वेळी आपण बरोबर शोधून काढतो. आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीने जामीन राहण्यास राजी असलेल्या पाच-सहा सभासदांची आणि एक-दोन भरवशाच्या वकिलांची यादी करून ठेवली, तर तिला खर्च काही नाही. धुळ्याच्या त्या मुलासारखा एखादा एक महिना आधी घरी येईल, त्याची नोकरी टिकेल, त्याच्या बहिणीला फाटकाबाहेर उन्हात बसावे लागणार नाही. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. तोवर कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोषच आहे.

पुढील अंकी पोलिस ठाण्यात प्रथम खबर कशी नोंदवावी आणि ती नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास काय करावे, याविषयी लिहीन. वाचकांनी आपले प्रश्न अवश्य पाठवावेत. नाव-गाव छापले जाणार नाही.